निंबोळीचं तेल : वरून लावा, पोटात नको



जून उजाडला की दोन गोष्टी हटकून घडतात. कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो आणि शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही, तोच घरोघरी मुलींची डोकी खाजू लागतात! मी सकाळच्या वेळात शाळेत शिकवते, त्यामुळे हे दुसरं दृश्य मला दरवर्षी अगदी जवळून बघायला मिळतं. वह्यांवर वाकलेली तीस डोकी आणि त्यांतून डोक्यात फिरणारी तीस बोटं!

परवा शाळा सुटताना दुसरीतल्या एका मुलीची आई थांबली. पिशवीतून तिने एक काळपट तेलाची बाटली काढली. बूच उघडल्याबरोबर तो ओळखीचा उग्र वास आला.

"बाई, सासूबाईंनी गावाहून घाणीचं निंबोळीचं तेल आणलंय. हिच्या डोक्याला लावलं तर उवा जातील ना हो?"

म्हटलं, "लावा की. कसं लावायचं तेवढं सांगते."

"आणि धाकट्याला जंत झालेत. दीड वर्षाचा आहे. सासूबाई म्हणतात, त्याला चमचाभर पाजू या. कडू औषधाने जंत मरतात म्हणे."

मी तिचा हातच धरला. म्हटलं, "एक थेंबसुद्धा पाजू नका!"

ती बिचारी गोंधळली. "अहो बाई, झाडपाल्याचं तर औषध. त्याने काय वाईट होणार? पाडव्याला आपण पाला खातोच की!"

खरं सांगू? तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्यापैकी कितीजणींच्या मनात हेच असतं. झाडाचं आहे, आजीने सांगितलंय, म्हणजे लावायलाही चांगलं आणि प्यायलाही चांगलं. म्हणून आज या कडू तेलाची सगळी हकिगत तुमच्यापुढे मांडते. त्याचा गुण काय, तो कशात आहे, आणि त्या गुणाला कुठे थांबवायचं.

तेलात असतं तरी काय?

निंबोळीच्या आतल्या गराचं जे तेल निघतं, त्याचा बहुतेक भाग साध्या स्निग्ध पदार्थांचाच असतो. आपल्या शेंगदाण्याच्या तेलात जे ऑलिक, लिनोलिक, पामिटिक वगैरे प्रकार असतात, तेच इथेही. थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं ते त्यामुळेच. वास येतो तो गंधकयुक्त द्रव्यांचा. लसणाच्या वासातही गंधकच असतं ना! पण औषधी गुण म्हणतो तो मुख्यतः या तेलात थोड्या प्रमाणात मिसळलेल्या कडू द्रव्यांचा.

ही कडू द्रव्यं तेलातून पहिल्यांदा वेगळी काढून दाखवली डॉ. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी. ते बाराबंकी जिल्ह्यातले, जन्म १८९७ चा. सर्पगंधेच्या मुळीतून त्यांनी १९३१ साली एक द्रव्य काढलं होतं आणि आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला 'अजमलिन' असं नाव दिलं होतं. पुढे ते निंबोळीच्या तेलाकडे वळले. त्यांची रीत आपल्याला सहज कळण्यासारखी आहे. साडीवर तेलाचा डाग पडला की तो नुसत्या पाण्याने जात नाही, पेट्रोल लावलं की जातो. म्हणजे काही पदार्थ पाण्यात विरघळतात, काही पेट्रोलसारख्या द्रवात, तर काही अल्कोहोलात. सिद्दिकींनी हेच केलं. एकामागून एक निरनिराळे द्रव वापरून तेलातली कडू द्रव्यं सुटी केली. १९४२ साली त्यांनी तीन द्रव्यं जाहीर केली. निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन. नावं ऐकूनच कळतं ना, बारसं आपल्या निंबाच्याच नावाने झालंय ते! सिद्दिकी १९५१ मध्ये कराचीला गेले आणि तिथेही अखेरपर्यंत संशोधनच करत राहिले. १९९४ साली ते वारले.

यांपैकी निंबिडिनवर पुढे बरेच प्रयोग झाले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची सूज त्याने उतरल्याचं दिसलं. पण प्राण्यांवरचा प्रयोग आणि आपल्या घरातलं माणूस यांत अंतर असतं, हे आपण विसरायचं नाही.

टोळांनी सोडलेलं झाड

चौथं द्रव्य या तिघांपेक्षाही नावाजलं. त्याची गोष्ट सुदान देशात सुरू होते. १९५९ साली तिथे टोळधाड आली. शेतं, झाडं, झुडपं, सारं फस्त. पण हाइनरिश श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञांनी पाहिलं, की उभी हिरवीगार राहिली आहेत ती फक्त कडुनिंबाची झाडं! टोळ त्यांवर बसत, पण पानं खात नव्हते.

हे कशामुळे, याचा शोध सुरू झाला. १९६८ साली इंग्लंडमध्ये निंबोळीच्या गरातून एक द्रव्य वेगळं काढण्यात आलं, अझाडिरॅक्टिन. फारसी भाषेत निंबाला 'आझाद दरख्त' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. हे द्रव्य किडीला पटकन मारत नाही. ते तिची भूक मारतं, आणि वाढताना कात टाकण्याची जी क्रिया असते तीच बिघडवतं. कीड खात नाही, वाढत नाही, पुढची पिढी होत नाही. या द्रव्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना ते प्रयोगशाळेत बनवायला २२ वर्षं लागली. २००७ साली जमलं. आपल्या अंगणातलं झाड मात्र ते दरवर्षी उन्हात उभं राहून बनवतं!

आणखी एक हकिगत तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. निंबोळीच्या तेलाने झाडांवरची बुरशी घालवण्याच्या रीतीवर अमेरिकन सरकारच्या शेतीखात्याला आणि तिथल्या एका कंपनीला १९९४ साली युरोपचं पेटंट मिळालं होतं. डॉ. वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली, की यात नवं ते काय? २००० साली ते पेटंट रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आपल्या आज्यापणज्यांच्या अनुभवाला असं परदेशातल्या कचेरीतही मानावं लागलं. म्हणून आजीचं म्हणणं खोटं, असं मी कधीच म्हणणार नाही. आजीला झाड बरोबर ठाऊक होतं. प्रश्न आहे तो फक्त चमच्याचा.

घरात कसं वापराल?

आधी खरेदीचं सांगते. अंगाला-डोक्याला लावायचं तेल घाणीचं, शुद्ध आणि 'बाह्य उपयोगासाठी' असं लिहिलेलंच घ्या. शेतीच्या दुकानात पिकांवर फवारायचं निंबोळीचं औषध मिळतं, त्यात इतर रसायनंही मिसळलेली असतात. ते झाडांपुरतंच ठेवा, अंगाला लावू नका. आणि घरी निंबोळ्या गोळा करणार असाल तर झाड नीट ओळखा. बकाणनिंबाची फळं निंबोळीसारखी दिसतात, पण ती गोलसर असतात आणि पानं गळल्यावरही झाडावर घोसांनी लटकत राहतात. ती विषारी आहेत.

कुठल्याही उपयोगाआधी एक परीक्षा करा. खोबरेल तेलात मिसळलेल्या या तेलाचे दोन थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लाली, खाज, पुरळ आलं तर ते तेल तुमच्यासाठी नाही. कच्च्या जखमेवर, डोळ्यांजवळ आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला ते लावूच नका.

उवांसाठी : २००७ साली इजिप्तमध्ये ६० मुलांच्या डोक्यांवर निंबोळीच्या अर्काचा शांपू वापरून पाहिला, आणि त्याचा गुण चांगला आला. घरचं तेल म्हणजे तो तयार शांपू नव्हे, तेव्हा फणीची मदत लागणारच. चार चमचे खोबरेल तेलात एक चमचा निंबोळीचं तेल मिसळा. केसांच्या मुळांशी चोळा, तासभर ठेवा, मग बारीक दातांच्या फणीने पांढऱ्या कपड्यावर विंचरून काढा आणि शिकेकाईने न्हाऊ घाला. लिखा यातून वाचतात. त्या सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्याने पुन्हा हेच करा. दुसरी खेप चुकली की पहिली फुकट गेली म्हणून समजा! घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, आणि उशांचे अभ्रे, टॉवेल, कंगवे कढत पाण्यातून काढा. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना हे लावू नका, त्यांच्या उवा नुसत्या ओल्या केसांतून फणीने काढा. दोन खेपांनीही उवा गेल्या नाहीत तर डॉक्टरांना विचारून औषध आणा, त्यात लाजायचं काही नाही.

डासांसाठी : दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राने १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोबरेल तेलात दोन टक्के निंबोळीचं तेल मिसळून उघड्या अंगाला लावलं, तेव्हा मलेरियाचे डास बारा तास चावले नाहीत. दोन टक्के म्हणजे किती? पाव लिटर खोबरेल तेलात एक छोटा चमचा. इतकं कमी! 'जास्त घातलं तर जास्त गुण' हा आपला हिशेब इथे लावू नका, जास्त घातल्याने कातडी चुरचुरेल तेवढीच. आणि या तेलाच्या भरवशावर मच्छरदाणी माळ्यावर टाकू नका. डेंग्यूचा डास वेगळा, तो दिवसा चावतो. त्याच्यासाठी कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर आणि पाण्याची पिंपं आठवड्यातून एकदा कोरडी करून घासणं हाच खरा उपाय.

कुंड्यांसाठी : जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण किंवा गुलाबाच्या कळीवर मावा दिसला, की एक लिटर कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब घाला, मग त्यात एक छोटा चमचा निंबोळीचं तेल घालून खूप हलवा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. फवारा संध्याकाळी मारा, कारण उन्हाने अझाडिरॅक्टिन नाहीसं होतं. पानांच्या खालच्या बाजूलाही मारा, कीड लपते तिथेच. मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि आठवड्याने पुन्हा फवारा. शेतकरी बंधू तर हे कधीपासून जाणतात. २०१५ पासून आपल्या देशात युरिया खतालाही निंबोळीच्या तेलाचा लेप देणं सक्तीचं झालं आहे, त्याने खत जमिनीत हळूहळू मुरतं.

आता तो चमचा

मघाशी त्या आईचा हात मी का धरला, ते सांगते.

१९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मलेशियातल्या डॉक्टरांनी एक इशारा दिला. तिथल्या भारतीय वंशाच्या घरांत आपल्यासारखीच रीत, बाळाला काही दुखलं-खुपलं की निंबोळीचं तेल पाजायचं. पुढच्याच वर्षी तिथल्या तेरा बाळांची हकिगत प्रसिद्ध झाली. कुणाला एक छोटा चमचा, कुणाला पाच-सहा चमचे तेल दिलं होतं. काही तासांतच उलट्या, गुंगी, धाप आणि मग एकामागून एक आकड्या. एका बाळाचं यकृत चरबीने भरलेलं आणि मेंदूला सूज आढळली. आणि देणाऱ्या आया, आज्या माया करणाऱ्याच होत्या हो! आपल्याकडेही असं घडलं आहे. २००८ साली 'इंडियन पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात पाच वर्षांच्या एका मुलाची हकिगत आली. निंबोळीचं तेल पोटात गेल्यावर त्याला काही केल्या न थांबणाऱ्या आकड्या आल्या.

मग पाडव्याच्या पाल्याचं काय? पाडव्याला आपण गूळ, ओवा, हरभऱ्याची डाळ घालून चार कोवळी पानं खातो, तीही वर्षातून एकदा. ती पानं आहेत. तेल निघतं बीमधून, आणि चमचाभर तेलात मूठ-मूठ निंबोळ्यांचा अर्क उतरलेला असतो. ज्या ताकदीने तेल किडीची वाढ थांबवतं, ती ताकद दीड वर्षाच्या पोराच्या इवल्या यकृताने कशी सोसावी? औषध आणि विष यांच्यात पुष्कळदा फरक असतो तो प्रमाणाचा, आणि हे प्रमाण घरच्या चमच्याने मोजता येत नाही. म्हणून नियम साधा ठेवा. लहानांना नाही, मोठ्यांनाही नाही, पोटात नाहीच.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट. हे तेल गर्भ राहू न देण्यासाठी उपयोगी पडेल का, यावर आपल्या देशात प्रयोग झाले आहेत. पोटात दिल्यावर गर्भ टिकत नाही असं प्राण्यांमध्ये दिसलं आहे. तेव्हा दिवस गेले असतील किंवा जावेत अशी इच्छा असेल, तर 'रक्तशुद्धी'साठी म्हणून कुणी सांगितलं तरी हे तेल पिऊ नका. अंगाला लावायचं झालं तरी आधी डॉक्टरीणबाईंना विचारा. आणि पाळणा लांबवण्यासाठी म्हणून तर याच्यावर मुळीच भरवसा ठेवू नका.

जंतांचा प्रश्न राहिलाच. त्यावर सोपा आणि फुकट उपाय आहे. २०१५ पासून जंतनाशक दिन पाळला जातो. शाळांतून आणि अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी देतात. आमच्या शाळेत मीच वाटते! एरवीही सरकारी दवाखान्यात विचारा, वय सांगितलं की गोळीचं प्रमाण तेच सांगतात.

चुकून पोटात गेलंच तर

मूल रांगतं-चालतं झालं की बाटली तोंडाला लावायला वेळ लागत नाही. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नका. ओकताना तेल फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं. दूध, तूप, ताक, काहीही पाजत बसू नका. आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. मूल हसत-खेळत असलं तरी न्या, कारण त्रास काही तासांनीही सुरू होतो. आणि डॉक्टरांपुढे खरं सांगा. 'सासूबाईंनी पाजलं' हे सांगायचं कसं, म्हणून गप्प राहिलात तर त्यांना काही तास अंधारात चाचपडावं लागेल.

हे सासूबाईंचं प्रकरण मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे! शाळेच्या फाटकात उभं राहून 'पाजू नका' म्हणणं सोपं, स्वयंपाकघरात म्हणणं अवघड. मी त्या आईला एवढंच सुचवलं, "त्यांच्याशी वाद घालू नका. तेल तुमचंच चांगलं म्हणा, आणि नातीच्या डोक्याला तुम्हीच लावून द्या म्हणून त्यांच्याच हाती द्या. धाकट्याच्या औषधाचं मात्र 'बाईंनी दवाखान्यात विचारायला सांगितलंय' म्हणून माझं नाव खुशाल पुढे करा."

आठवड्याने ती मुलगी दोन घट्ट वेण्या घालून वर्गात आली. जवळून वास आला तो तोच, निंबोळीचा. म्हणाली, "बाई, आजीने लावलं. पुन्हा रविवारी लावणार आहे."

"आणि दादू?"

"दादूला दवाखान्यातून गोळी आणली. आजीच घेऊन गेली होती."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आता हा अंक खाली ठेवण्याआधी एक काम करा. घरात निंबोळीच्या तेलाची बाटली असेल तर ती खालच्या फळीवरून उचलून कडीच्या कपाटात ठेवा. सरबताच्या किंवा औषधाच्या जुन्या बाटलीत ते भरलेलं असेल तर आजच बदला. आणि एका कागदावर ठळक अक्षरात लिहून बाटलीवर चिकटवा : 'फक्त वरून लावायला. पोटात नको.' शेजारणीच्या घरी असेल तर तिलाही सांगा.